अयस्कांत आणि अलिबाग

चुंबकाला संस्कृतात ‘अयस्कांत’ म्हणतात, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. मराठीतला ‘लोहचुंबक’ त्याहून धीट. पण पाठ्यपुस्तकातून तो इतक्या निर्विकारपणे वाचला जातो, की त्यातील चुंबनाकडे कोणाचे लक्ष जात नाही. रसशास्त्राने कांतलोहाचे जे प्रकार केले, त्यांत भ्रामक, चुंबक, कर्षक अशी नावे आहेत. वर्तनावरून पडलेली अशी नावे काव्याला आयतीच मिळतात. ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना जो उपाय सांगतो त्यात उमेचे रूप चुंबकाच्या जागी आहे आणि समाधिस्थ शिवाचे मन लोहाच्या.

दर्शनांनी या दगडाकडून निराळेच काम करून घेतले. पुरुष स्वतः न हलता प्रकृतीला प्रवृत्त कसा करतो, या प्रश्नाला सांख्यांच्या बाजूने चुंबकाचा दाखला दिला जाई. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो खोडून काढला, आणि तेही अगदी व्यावहारिक अंगाने: चुंबकाचे सान्निध्य नित्य नसते, त्याला घासूनपुसून स्वच्छ ठेवावे लागते. तरीही लोह धावते आणि मणी बसून राहतो, हे चित्र वाचकांच्या मनात कायम राहिले.

शाळेच्या प्रयोगशाळेत ते पाच मिनिटांत मोडते. छोटा पट्टीचुंबक बुचावर ठेवून परातीतल्या पाण्यात सोडावा, आणि लोखंडी खिळा हातात घट्ट धरून त्याच्याजवळ न्यावा. आता चुंबकच खिळ्याकडे येतो. ओढ दोन्हीकडून सारखीच असते. जो जड किंवा जखडलेला, तो अचल भासतो, एवढेच. उपमेच्या अभ्यासकाने हा प्रयोग एकदा तरी करून पाहावा.

पुढचा धडा ओर्स्टेडचा. तारेतून विद्युत्प्रवाह सुरू होताच शेजारची चुंबकसूची वळते, हे त्याने १८२० मध्ये कोपनहेगन येथे पाहिले. टेबलावर हा प्रयोग मौजेचा वाटतो. मुंबईवर तो शहराच्या मापाने ओढवला.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकबलाची मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उद्रेकाने पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. लंडनजवळच्या क्यू व ग्रीनिच येथील छायाचित्रण-यंत्रांची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यास मात्र माणसे डोळ्यांनी सूची वाचीत होती, आणि वादळ चढताच त्यांनी तासाचे अंतर कमी करून काही मिनिटांवर आणले. त्या आकड्यांवरून २००३ मध्ये संशोधकांनी क्षैतिज बलातील घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास, ठरविली. वाचणाऱ्यांना नॅनोटेस्ला हे एकक ठाऊक असणे शक्य नव्हते. आपण काय मोजतो आहोत याची कल्पनाही नसावी. प्रामाणिक मोजमाप मोजणाऱ्याच्या आकलनाच्या पुढे जाते, ते असे.

मग घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून भरकटणाऱ्या प्रवाहाने सूची थरथरत राहिली असती, आणि पृथ्वीचे कोणते व ट्रामचे कोणते हे सांगता आले नसते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्रामला विरोध करीत बसण्यापेक्षा जागा बदलणे पत्करले. सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग निवडण्यात आले. दख्खनच्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिज असते, म्हणून तेथील इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला. (अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचेच मुख्य ठिकाण, त्यामुळे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच गेली, असे म्हणण्याची सोय झाली.)

खरी कसोटी स्थलांतराची नव्हती, सातत्याची होती. जुनी आकडेवारी नव्याशी जुळली नसती, तर साठ वर्षांचे काम तुटक टिपणांसारखे उरले असते. म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या: एकाच ग्रंथाची दोन हस्तलिखिते शेजारी मांडून पाठभेद पाहावेत, तशा. पाठचिकित्सेचे इतके निर्मळ उदाहरण साहित्यात क्वचितच सापडेल. मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या मुंबईच्या नोंदी दोन खंडांत सिद्ध केल्या. ते १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली आणि मुंबईतील ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. तोवर, १९२५ पासून, उपनगरी आगगाड्याही विजेवर धावू लागल्या होत्या. सूची अलिबागलाच राहिली.