गेटवे दिसायला लागतं तेव्हा

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, अंतर साधारण 35 किलोमीटर. हे पोहायचं ठरवलं की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच सल्ला देतात: डोळे मिट आणि आपण गेटवेच्या पायऱ्या चढतोय असं रोज बघ. सल्ला प्रेमापोटी असतो, म्हणून मी मान डोलावतो. करत मात्र नाही. पायऱ्या, हार, फोटो असं चित्र रात्री मनात छान रंगलं की पहाटेचा गजर बंद करायला हात जरा जास्तच सहज जातो. निम्मा आनंद अंथरुणातच वसूल झालेला असतो.

गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला आहे. इच्छापूर्तीच्या गोड चित्रांत रमलेल्या लोकांची उमेद त्यांनी आणि हीदर कॅपेस यांनी चक्क वरच्या रक्तदाबावरून मोजली. ती कमी भरली. 2011 साली हे प्रसिद्ध झालं. ओटिंगेनबाईंचं म्हणणं असं की इच्छा जरूर बघा, पण लगेच तिच्या आड येणारी गोष्टही बघा. त्यांचे सहकारी पीटर गोल्विट्झर आणखी एक पाऊल पुढे जातात: अमुक झालं तर मी तमुक करीन, एवढं आधीच ठरवून ठेवा. भिंतीवर गाड्या-बंगल्यांची चित्रं चिकटवणाऱ्यांना हे फारसं रुचणार नाही, पण समुद्रात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आमचं नियोजन भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरू होतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतंच, पण तांडेल आधी बोटांवर हिशेब करतो आणि मग कोष्टक पाहतो. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीकडे भांग, ओढ कमी. धरमतरच्या खाडीतून ओहोटीच्या पाण्याबरोबर निघायचं, रेवस आणि करंजाच्या मधून बाहेर पडायचं आणि बंदरात शिरताना भरती पाठीशी असायला हवी. सहा तास इकडची, सहा तास तिकडची. तुम्ही कितीही जोर लावा, हे वेळापत्रक तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणून डोळे मिटून मी बघतो ते काळोखातलं पाणी. सुरुवात बहुधा रात्रीच असते. होडीचा दिवा उजवीकडे. तो डावीकडे दिसला तर थांबून हाक मारायची. जेलीफिशने दंड भाजला तर दहा हात मोजायचे, मग पुढचे दहा. चोळत बसायचं नाही. दर पाऊण तासाने दोरीला बांधलेली बाटली येईल. होडीला हात लावायचा नाही, पाठीवर तरंगत साखर-मिठाचं पाणी प्यायचं. उलटी झाली तर पुढच्या वेळी नुसतं कोमट पाणी. हे सगळं मी झोपण्यापूर्वी क्रमाने बघतो. खारट चव, घशाची आग, चष्म्याचा मानेवर बसलेला पट्टा, सगळ्यासकट.

मायकेल फेल्प्सचा किस्सा पोहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. 2008, बीजिंग, 200 मीटर बटरफ्लाय. उडी मारल्यापासून चष्म्यात पाणी शिरायला लागलं आणि शेवटच्या टप्प्यात त्याला भिंतच दिसेना. तो हात मोजत गेला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांत विश्वविक्रम करून भिंतीला टेकला. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून शर्यत मनातल्या मनात घोटून घेत, बिघडलेल्या शर्यतीसकट. लोक या किश्श्यातलं सुवर्णपदक लक्षात ठेवतात. मला त्यातलं हातांचं मोजमाप महत्त्वाचं वाटतं.

आमच्या पाण्यात भिंत नसते, उलट गेटवे फार लवकर दिसायला लागतं. मागचा ताजचा घुमट दिसतो, आणि तासभर पोहूनही तेवढाच दिसतो. मंद पोहणाऱ्याची भरती इथे संपत आलेली असते. बंदराचं पाणी बाहेर निघायला लागलं की हात चालू असूनही माणूस जागच्या जागी. बरेच जण इथे होडीत चढतात. खांदे गेलेले असतात हे खरं, पण डोळ्यांसमोरच्या पायऱ्या जवळ येत नाहीत, याने माणूस जास्त खचतो. ज्याने महिनोन्महिने पायऱ्याच बघितल्या, त्याला तर हे विश्वासघातासारखं वाटतं. माझ्या सरावात हा तास सगळ्यात जास्त वेळा येतो. ठरलेलं असं की मान वर काढायची नाही, फक्त होडीच्या कडेकडे बघायचं, पुढची बाटली येईपर्यंत. ‘किती राहिलं?’ असं मी विचारलं तरी सांगायचं नाही, ही होडीतल्यांना ताकीद. पुढची बाटली कधी, एवढंच सांगायचं.

बाहेर कधी काढायचं तेही किनाऱ्यावरच ठरतं आणि कागदावर लिहून होडीत दिलं जातं. वीज कडाडली तर. हाताची लय पडून ती खाण्यानंतरही परतली नाही तर. आणि घरचा पत्ता विचारल्यावर मला पिनकोडसकट सांगता आला नाही तर. त्यानंतर माझं मत विचारायचं नाही. मी पाण्यातून शिव्या दिल्या तरी दोघांनी काखेत हात घालून वर ओढायचं.