पावणेपाच फुटांचा सोबती

उटीला जाणारी आपली मंडळी परत येताना दोन गोष्टी हमखास घेऊन येतात. एक निलगिरीच्या तेलाची बाटली आणि दुसरी, थंडीने काकडत काढलेला बागेतला फोटो. या गावाने साऱ्या जगाला एका खेळाचे नियम दिले, हे मात्र फारसे कोणाच्या गावी नसते. मलाही त्याचे अगत्य वाटण्याचे कारण नव्हते. पण यंदाच्या मे महिन्यात एक पावणेपाच फुटांची काठी घेऊन मला पुण्याहून उटी गाठावी लागली, आणि थंड हवेच्या त्या ठिकाणाकडे मी निराळ्याच नजरेने पाहू लागलो.

काठी म्हणजे स्नूकर खेळण्याचा क्यू. (रेशनच्या दुकानापुढे लागे तो क्यू निराळा, त्याला सरळ राहण्याची एवढी सक्ती नसे!) स्नूकर हा अस्सल हिंदुस्थानच्या मातीत जन्मलेला खेळ. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर चालणाऱ्या दोन-तीन खेळांची सरमिसळ करून तो काढला. हे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन नव्हेत, नुसते नामसाधर्म्य. ‘स्नूकर’ हा शब्द त्या काळी लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या पोरांना चिडवण्यासाठी वापरीत. तोच खेळाला चिकटला. नंतर हे गृहस्थ उटीला आले, आणि १८८२ साली उटकमंड क्लबच्या बिलियर्डच्या दालनात खेळाचे नियम लिहून लावण्यात आले. तेव्हा उटीला क्यू नेणे म्हणजे एका परीने माहेरवाशिणीला माहेरी पोचवण्यासारखेच.

हा क्यू माझ्या मेहुण्यांचा. पुण्याच्या एका जिमखान्यात ते तीस वर्षे नेमाने खेळले. पुण्यातच १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स हे त्यांचे दैवत. १९५८ साली कलकत्त्याला आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जोन्स हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, हे मेहुणे आल्यागेल्याला चहाबरोबर सांगत. तीन वर्षांमागे मेहुणे गेले. त्यांचा मुलगा बँकेच्या नोकरीत बदली होऊन उटीला गेला. तिथे बाजारातल्या एका लहानशा हॉलमध्ये तोही खेळू लागला. एके दिवशी त्याचा फोन आला, “मामा, तुम्ही येताच आहात तर बाबांचा क्यू घेऊन या ना.”

अक्काने क्यू कपाटातून काढून माझ्या हाती दिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, एवढा मात्र सरळ पोचव हो. तो वाकलेला मला बघवायचा नाही.”

आता एक काठी ती काय न्यायची, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. म्हणून मी टेबलांना बनात चढवणाऱ्या आणि क्यूची चामडी टिपे बदलून देणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. त्यांनी क्यू डोळ्याशी धरला, बंदुकीचा नेम धरावा तसा लांबवर पाहिला आणि म्हणाले, “साहेब, लाकडाला ऊन बाधत नाही तेवढा बदल बाधतो.”

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. लोखंड उन्हाने वाढते, थंडीने आकसते. लाकडावर नुसत्या उष्णतेचा तसा परिणाम फारच थोडा. लाकूड जगते ते हवेतल्या ओलीवर. हवेतला दमटपणा शेकडा पन्नास असेल तर सुक्या लाकडात त्याच्या वजनाच्या शेकडा नऊ भाग पाणी राहते. दमटपणा ऐंशीवर गेला की तेच सोळाच्या घरात जाते. पाणी प्याले की लाकूड फुगते, सोडले की आकसते. तेही लांबीत जवळजवळ नाहीच, सारे आडवे. आणि सगळीकडून सारखे फुगते तर काही बिघडत नव्हते. पण एका अंगाला ओल लागली, दुसरे कोरडे राहिले, की काठी धनुष्य होते. क्यूचे पुढचे टोक आपल्या करंगळीहूनही बारीक. तिथे केसभर वाक आला तरी चेंडू भलत्याच वाटेने जातो. पूल नावाच्या अमेरिकन खेळाचे क्यू मेपलचे, थोड्या जाड टोकाचे असतात. आमचा हा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा, पण धर्म दोघांचा एकच.

मग ऊन निर्दोष का? तसेही नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत उष्णता साठ अंशांच्या वर जाते. त्या भट्टीत टिपाखालचा सरस मऊ पडतो, रोगणाला बारीक चिरा जातात, आणि लाकडातली ओल घाईने बाहेर पडते. मालमोटारीतून पाठवलेले पार्सल सोलापूरच्या उन्हात तापते, रात्री पत्र्याच्या गुदामात भिंतीला टेकून उभे राहते. विमानात क्यू हाताशी घेऊन बसू देत नाहीत. तो सामानाच्या पोटात जातो, तिथे गारठतो आणि उतरल्यावर दमट हवेत उघडला की त्यावर दव धरते. सारांश, आगगाडी बरी आणि आपला हात बरा.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे अक्काने आणि मी मिळून क्यू बांधला. कोरड्या फडक्याने पुसला. मधला पितळी आट्यांचा जोड सोडवून दोन भाग केले, आट्यांवर टोपणे बसवली. दोन्ही भाग मेहुण्यांच्याच जुन्या मऊ धोतरात गुंडाळले. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तोंड चिकटपट्टीने बंद. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी जी खड्यांची पुडी निघते, तशी एकच पुडी आत. कारण जास्त घातल्या तर लाकूड नको तितके सुकते. मग कडक पेटी, आणि पेटीला बाहेरून गोधडी. मे महिन्यात गोधडी पाहून शेजारच्या काकू हसल्या. पण बर्फाला गोणपाट गुंडाळतात ते काही बर्फाला थंडी वाजते म्हणून नव्हे. गोधडी जशी ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी उष्णता आतही लवकर येऊ देत नाही. बदल झालाच तर सावकाश व्हावा, एवढीच तिची कामगिरी.

गाडीत डबा वातानुकूलित. गार वाऱ्याचा झोत थेट पेटीवर येऊ नये म्हणून ती मी खालच्या बाकाखाली आडवी ठेवली. टेकून उभी केलेली काठी स्वतःच्याच भाराने वाकते, हेही मिस्त्रींचेच वचन. समोर सोलापूरकडचे एक कुटुंब होते. गोधडीत निजलेली ती लांबट वस्तू पाहून धाकट्या मुलाने विचारले, “काका, बंदूक आहे?” आईने त्याला दटावले आणि मला शेंगाची चटणी व भाकरी दिली. रायचूर, गुंटकल अशी स्टेशने बाहेर उन्हात भाजत होती. खिडकीच्या काचेला हात लावला तरी चटका बसत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोइमतूरला उतरलो आणि शास्त्राचे प्रात्यक्षिकच झाले. गार डब्यातून फलाटावर पाय ठेवतो न ठेवतो तो चष्म्याच्या काचा धुकट! हेच दव क्यूवर धरले असते. पेटी बंद होती म्हणून बरे. त्या रात्री मेट्टुपाळयमला मुक्काम केला. लॉजच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मी निजलो, दुसरीवर पेटी.

मेट्टुपाळयमहून सकाळी सातनंतर निलगिरीची छोटी गाडी निघते. ही शेहेचाळीस किलोमीटरची वाट. तीवर सोळा बोगदे आणि दोनशे आठ वळणे. १८९९ साली ती कुन्नूरपर्यंत झाली, १९०८ साली उटीपर्यंत पोचली, आणि २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. कल्लारपर्यंत गाडी सुपारीच्या बागांतून सालसपणे धावते. तिथून रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी सुरू होते, तिच्यात इंजिनाचे दातेरी चाक अडकते, आणि डब्यांमागे लागलेले वाफेचे इंजिन साऱ्या बिऱ्हाडाला पाठीमागून ढकलत वर नेते. बारा पावलांना एक पाऊल असा हा चढ. वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबते आणि तेवढ्यात माकडे प्रवाशांच्या शिदोरीची झडती घेतात.

मेट्टुपाळयमची उंची सव्वातीनशे मीटर, उटीची बावीसशे. एवढा चढ ही गाडी साडेचार-पाच तास घेऊन चढते. तक्रार करणारे प्रवासी होते. मला मात्र त्या मंदगतीबद्दल इंजिनाला दुवा द्यावासा वाटला. सकाळी अंगाला चिकटलेला सदरा हिलग्रोव्हच्या पुढे सुटा झाला, कुन्नूरला इंजिन बदलेपर्यंत बायकांनी पिशव्यांतून स्वेटर काढले, आणि पुढे धुके डब्यात येऊ लागले. माणसाला जे मानवते तेच लाकडाला मानवते: पायरीपायरीने चढणे.

भाचा स्टेशनवर आला होता. माझ्या पाया पडला, पण डोळे पेटीवर.

“मामा, उघडू?”

“उद्या दुपारी,” मी म्हटले. पेटी बंदच ठेवून चोवीस तास नव्या हवेत मुरू द्यायची, हा नियम. पोराचा चेहरा उतरला. त्याला रमवावे म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात हिंडलो. उटकमंड क्लबची टुमदार इमारत लांबूनच पाहिली. आत सभासदांनाच वाव. तिथून सेंट स्टीफन्स चर्चमध्ये गेलो. १८२९ साली याचा पाया घातला. याच्या तुळया श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाच्या लालबाग महालातून काढून हत्तींकरवी डोंगरावर आणलेल्या. मैसूरच्या पठारावरचे ते लाकूड या धुक्यापावसात जवळजवळ दोनशे वर्षे उभे आहे. भाचा वर पाहत राहिला. म्हणाला, “हे टिकलं, मग बाबांचा क्यूही टिकेल.”

दुपारी हॉलमध्ये पेटी उघडली. धोतराला ओल नव्हती. भाच्याने जोड फिरवून घट्ट केला, क्यू डोळ्याशी धरला. वडिलांची ती नेम धरण्याची लकब त्याच्यात कधी आली कोण जाणे! मी श्वास रोखून उभा. “सरळ आहे, मामा.” मग टोकावरून बोट फिरवले आणि थबकला. पितळी टोपीला लागून लाकूड केसभर वर आल्यासारखे लागत होते. पुण्याच्या कोरड्या उन्हातून आलेले लाकूड इथली ओल पिऊ लागले होते. हॉलवाल्याने तत्परतेने पॉलिश कागद पुढे केला. मी तो परत केला. आज घासून सपाट केले, तर उटीच्या कोरड्या थंडीत लाकूड आकसेल आणि तिथे खळगा पडेल. घासलेले लाकूड काही परत येत नाही. म्हटले, “त्याला पंधरा-वीस दिवस दे. रोज पुसून पेटीत आडवा ठेव. भिंतीला टेकवू नकोस, थंडीत शेगडीजवळ नेऊ नकोस. आणि बाहेरगावी नेलास तर पुन्हा हेच सारे.”

त्याने लाल चेंडू हेरला. टोला हलकाच होता. चेंडू कोपऱ्यातल्या जाळीत गेला तेव्हा आवाजही झाला नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची मुले आता परगावी असतात, आणि त्यांच्यामागून कधी तंबोरा, कधी बॅट, कधी आजोबांची पेटी जात असते. त्या वस्तूंनाही हेच पथ्य लागू पडते. झाकून न्या, सावकाश न्या आणि पोचल्यावर उघडायची घाई करू नका.

जुलैत भाच्याचा फोन आला. टोक पुन्हा सारखे झाले होते. क्यूला उटी मानवली होती. ती बातमी मी लगेच अक्काला कळवली. “क्यू अगदी सरळ आहे,” मी म्हटले.

“बरं झालं,” अक्का म्हणाली. थोडा वेळ थांबली, आणि मग हळूच विचारले, “आणि पोरगा?”

“तोही.”