लाल कोंबडीचे गाव

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाराच्या धबधब्यावर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी नायगारा पाहिला नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत दीड महिना मी तिकडे होतो, आणि त्यातला निम्मा वेळ कोंबड्यांत गेला. वाचकांनी खुशाल हसावे. आमच्या कॉलेजातली प्राध्यापक मंडळीही हसली.

माझी धाकटी बहीण बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर एका लहानशा गावात राहते. वडील गेल्यापासून आईने कायमचे आपल्याकडे यावे, असा तिचा हट्ट होता. त्याची कागदपत्रेही झाली होती. आई ‘बघू’ म्हणून माझ्याबरोबर निघाली, पण परतीचे तिकीट हातात घेऊनच. तिचे वय चौऱ्याहत्तर. सारा जन्म आजऱ्याला आणि कोल्हापुरात गेलेला. “तिथं बर्फ पडतं म्हणे. माझी हाडं कशी सोसणार?” हे तिचे पालुपद.

आम्ही पोचलो तेव्हा घरात कोंबड्यांचा खल चालू होता. नऊ वर्षांच्या भाचीला परसात कोंबड्या पाळायच्या होत्या. गावकचेरीचा परवाना मिळाला होता. अट एवढीच, की कोंबडा ठेवायचा नाही. मेहुण्यांनी कागदावर हिशेब मांडला : पांढरी लेगहॉर्न वर्षाला अडीचशेच्या वर अंडी घालते, तेव्हा तीच आणावी. भाचीला मांडीवर बसणारी कोंबडी हवी होती. आणि लेगहॉर्न तर माणसाच्या चाहुलीने उडते. बहिणीला थंडीची काळजी. शेजाऱ्यांच्या लेगहॉर्नचा भलाथोरला तुरा आदल्या हिवाळ्यात गारठून काळा पडला होता आणि टोकांना झडला होता.

हा तंटा मिटवायला आम्ही एका रविवारी ॲडम्सव्हिलला गेलो. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य. त्यातल्या लिटल कॉम्प्टन गावाचा हा एक भाग, मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीला अगदी टेकलेला. शेतांना दगडी बांध, जुनी लाकडी घरे आणि जवळच्या समुद्रावरून येणारा खारा वारा. इथे एक शिळा उभी आहे व तिच्यावर ब्राँझचा पत्रा बसवला आहे. १९२५ साली उभारलेले हे स्मारक कोणा सेनापतीचे नव्हे, कोंबडीचे आहे!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टापूतल्या शेतकऱ्यांनी पूर्वेकडून जहाजांतून आलेले तांबडे कोंबडे, त्यांत मलायाकडचेही, आपल्याकडच्या कोंबड्यांत मिसळले आणि ‘ऱ्होड आयलंड रेड’ ही जात घडवली. १९०४ साली अमेरिकेतल्या कुक्कुटसंघाने तिला मान्यता दिली आणि १९५४ साली ती या राज्याचा राज्यपक्षी झाली. मोराच्या देशातून आलेल्या मला त्याची गंमत वाटली.

आई पत्र्यावरचे चित्र निरखीत होती. मी नाव वाचून दाखवताच म्हणाली, “अरे, ही तर आपली ऱ्होड! तुझ्या मामाच्या परड्यात होती की, सरकारी केंद्रातून आणलेली. म्हणजे ही इथली लेक म्हणायची. एवढ्या लांब येऊन नांदली की रे!”

बहिणीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

जवळच एका शेतावर परवानगी घेऊन आम्ही कोंबड्या पाहिल्या. तिथल्या बाईंनी एकेक जात हातात दिली. पिवळसर बदामी रंगाची ऑर्पिंग्टन ही मूळची इंग्लंडातल्या केंट परगण्याची. पिसारा इतका फुगीर, की हात आत बुडतो. ती भाचीच्या मांडीवर बसली आणि चक्क डोळे मिटून राहिली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लिमथ रॉक शांत आणि कामसू. ब्रह्मा तर थेट पायांच्या बोटांपर्यंत पिसांची आणि ठेंगण्या तुऱ्याची, म्हणून थंडीला पक्की. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले, तरी तिचे बरेचसे रक्त शांघायकडचे. ऱ्होड काटक, अंड्यांना चांगली, पण थोडी अरेरावी करणारी. तिच्यातही डोक्याला चिकटलेल्या चपट्या तुऱ्याचा वाण असतो. थंड मुलखात तो बरा.

मग आईने खुराड्याची पाहणी केली. बसायची दांडी गोल नसून रुंद फळीची होती. कोंबडी तिच्यावर बसली, की बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. वर छपराजवळ झरोके उघडे होते. आईने विचारले, “थंडीत हे बुजवत नाहीत?” बाई म्हणाल्या, की नाही. कोंबडी कोरड्या थंडीने सहसा मरत नाही. बंद खुराड्यात श्वासांची आणि विष्ठेची ओल साठते, आणि त्या ओलीने तुरे गारठतात. झोत अंगावर येऊ नये, पण वरून हवा खेळती हवी. रात्री साऱ्याजणी अंगाला अंग लावून बसतात, म्हणून एकटी कोंबडी कधी पाळू नये.

मी मराठीत सांगितले. आई मान डोलावून म्हणाली, “आजऱ्याच्या पावसात आम्ही हेच करत होतो. थंडी नव्हे, ओल वाईट. आणि एकटेपण.”

परतताना मोटारीत यादी झाली : दोन ऱ्होड, दोन प्लिमथ रॉक, दोन ऑर्पिंग्टन. आईने मेहुण्यांना विचारले, “दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतील, पण कोंबडी पुढंही कितीतरी वर्षं जगते. मग त्यांचं काय?” हिशेबाच्या कागदावर याचे उत्तर नव्हते. मागच्या बाकावरून भाची म्हणाली, “मग त्या आज्जी होतील. घरीच राहतील.”

आई खिडकीबाहेर पाहत राहिली.

तिकडे एक दिवसाची पिल्ले टपालाने येतात, १९१८ सालापासून. अंड्यातले बलक पोटात शोषून पिल्लू बाहेर पडते, त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निभतात. मेअखेर एका पहाटे टपालकचेरीतून फोन आला. आई भाचीबरोबर गेली आणि चिवचिवणारी पेटी मांडीवर घेऊन आली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पस्तीस अंशांची ऊब लागते; पुढे ती थोडी थोडी उतरवायची. दिव्याची उंची आईच ठरवी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करू लागली की दिवा खाली, पांगली की वर. तापमापकाकडे ती बघतही नसे.

जूनच्या मध्याला मी एकटाच परतलो. तिचे तिकीट रद्द झाले होते.

दिवाळीच्या सुमारास फोन आला, की पहिले तांबूस अंडे मिळाले. जानेवारीत बाहेर उणे पंधरा अंश असताना मी भीतभीतच विचारले, “कसं आहे?”

आई म्हणाली, “सहाजणी धड आहेत. तुरे लालभडक. पाणी तेवढं गोठतं, ते मी दोनदा बदलते.”

“आणि तू?”

“मी सातवी,” ती म्हणाली.