एक काडी राखून

विलोचा रंग बघून तिचं नाव सांगू नये, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा बजावते की ती वैतागतात. त्यांचंही चुकत नाही. मुळात हे झाड घ्यायचंच रंगासाठी, तेही थंडीत पानं झडल्यावर उघड्या पडणाऱ्या काड्यांच्या रंगासाठी. मग ओळख पटवायला तोच रंग चालत नाही म्हटलं, की समोरच्याला मी उगाच अडवून बघतेय असं वाटतं.

काड्यांच्या रंगाचं हे वेड मुळात उन्हामुळे जडतं. मी बागा सांभाळते त्या केंब्रिजशायरमध्ये डिसेंबरातला सूर्य ऐन दुपारी क्षितिजाच्या वर जेमतेम १४ अंश येतो. पुण्यात तेव्हा तो ४८ अंशांवर असतो. इथलं ऊन डोक्यावर पडतच नाही, आडवं येतं आणि झाडांना कमरेशी गाठतं. पानं नाहीत, फुलं नाहीत, अशा वेळी जे उभं आहे तेच उजळतं. अँगल्सी ॲबीच्या हिवाळी बागेत वळणावळणाची वाट संपता संपता भूर्जांचं पांढरंशुभ्र बन लागतं. हिमालयातल्या आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचीच ही जात. पण माणसं घरी येतात ती वाटेतल्या लाल-केशरी काड्या मनात घेऊन, कारण भूर्जांचं बन कुणाच्या परसात मावत नाही आणि विलो मावते. निदान तसं वाटतं.

विलो लावताना माझा पहिला हट्ट जागेचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि समोर विलो, अशी ती बसली पाहिजे. मागे गडद काहीतरी हवं, हॉलीचं किंवा यूचं कुंपण असलं तर उत्तम. उलटी लावली तर सगळ्या काड्या काळ्या दिसतात आणि दोष नर्सरीला जातो.

आता नावांचा गोंधळ. पांढरी विलो, म्हणजे सॅलिक्स आल्बा, ही या लाल-पिवळ्या काड्यांच्या विलोंची मूळ जात. क्रिकेटची बॅट होते तीही याच जातीची, त्यामुळे पुण्यातले भाचे माझ्या कामाला थोडाफार मान देतात. हिच्यात पिवळ्या काड्यांची विटेलिना आणि तिच्या गोतातल्या लाल-केशरी काड्यांच्या ब्रिट्झेन्सिस, केर्मेसिना, येल्व्हर्टन. ब्रिट्झेन्सिस बर्लिनजवळच्या ब्रिट्झ गावात श्पेथ यांच्या प्रसिद्ध नर्सरीत १८७८च्या सुमारास बियांपासून निपजली. पुढे ती काडीकाडीने जगभर गेली आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल होत गेली. आज ब्रिट्झेन्सिस म्हणून विकत मिळणारं झाड कधी नर असतं, कधी मादी. एकाच झाडाच्या काडीकाडीने झालेल्या विस्तारात नर-मादी दोन्ही निघत असतील, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड आहे.

आणि रंग? तो तर एकाच झुडपावर एक नसतो. लाल काडी हातात धरून फिरवून बघा. उन्हाकडची बाजू शेंदरी, सावलीकडची पिवळट हिरवी. लाल रंगद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो. दोन काड्या एकमेकींवर पडल्या असतील तिथे खालचीवर फिकट पट्टा राहतो. ब्रिट्झेन्सिसचं टोक जितकं लाल, तितकं बूड नसतं. त्यातून हा रंग फक्त कोवळ्या काडीचा. दोन-तीन वर्षांत साल जाड होते आणि सगळं मातकट तपकिरी. ऑक्टोबरात पाहिलेली विलो फेब्रुवारीत ओळखू येत नाही, कारण थंडीत रंग चढत जातो.

मग बघायचं काय? आधी डोळे. विलोचा डोळा काडीला चिकटून असतो आणि त्यावर एकच टोपी असते, बिनजोडाची. त्याच रांगेत लावलेल्या लाल डॉगवुडचे डोळे समोरासमोर जोडीने येतात, विलोचे आलटूनपालटून. एवढ्यावर निम्मे वाद मिटतात. निम्मेच, कारण जांभळट काड्यांची पुर्पुरिया नावाची विलो मुद्दाम केल्यासारखे जवळजवळ समोरासमोर डोळे काढते. तिच्यासाठी नखाने साल सोलायची. आतली बाजू झगझगीत पिवळी निघते आणि जिभेला लावली तर कडूजहर.

दुसरी खूण अंगठ्याची. डॅफ्नॉइडिस, आकुटिफोलिया आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडची इरोराटा या विलोंच्या काड्यांवर द्राक्षांवर असते तशी पांढुरकी भुकटी असते. ती मेणाची. अंगठा फिरवला की खालून गडद जांभळा रंग वर येतो आणि ठसा बराच काळ तसाच राहतो. जाड, ताठ काडी असेल तर बहुधा डॅफ्नॉइडिस, सडपातळ आणि खाली झुकणारी असेल तर आकुटिफोलिया. ‘बहुधा’ म्हणते, कारण पक्कं सांगायला उन्हाळ्यात पान बघावं लागतं. आकुटिफोलियाचं पान लांब, टोकाला निमुळतं होत गेलेलं. विलोंचे आपसात संकरही सहज होतात, त्यामुळे एका खुणेवर नाव ठोकून देणाऱ्याचा मला संशयच येतो.

खरी पंचाईत मात्र पुढेच आहे. शेवटचा निकाल लागतो तो फुलावर. नर की मादी, पुंकेसर किती, त्यांचा रंग काय. पुर्पुरियात दोन पुंकेसर जुळून एकच दिसतो, इरोराटाचे परागकोश आधी लालसर आणि मग पिवळे. ही फुलं येतात आदल्या वर्षीच्या काडीवर. आणि रंगासाठी आम्ही नेमकी तीच काडी कापून टाकतो! दर मार्चला बुडाशी छाटलेली लाल विलो वर्षानुवर्षं फुलत नाही. म्हणजे बाग जितकी देखणी, तितकं झाडाचं नाव अंधारात. नामांकित बागांमधल्या पाट्यांकडेही मी त्यामुळे जरा तिरक्या नजरेने बघते.

म्हणून मी छाटताना प्रत्येक झुडपावर एक काडी राखून ठेवते. मागच्या बाजूची, खिडकीतून न दिसणारी. एप्रिल-मेमध्ये पानांबरोबर तिच्यावर फुलं येतात, ती भिंगाखाली बघून घ्यायची, वहीत नोंदवायची आणि मग काडी कापायची. डॅफ्नॉइडिसला हा खटाटोप लागत नाही. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांआधीच फुलते, तिची छाटणी फुलांनंतर करायची. तेव्हा बाहेर पडणाऱ्या मधमाश्यांचंही भागतं.

छाटणी बघून नवी माणसं हबकतात. पहिलं वर्ष, जमलं तर दोन, झाड मुळं धरेपर्यंत हात लावायचा नाही. मग डोळे फुटायच्या बेतात आले की सगळ्या काड्या बुडापासून दोन-तीन इंचांवर कापायच्या. ओल आणि ऊन असेल तर त्याच मोसमात माणसाहून उंच काड्या उभ्या राहतात. ज्याला धीर होत नाही त्याने निम्म्या काड्या यंदा आणि निम्म्या पुढच्या वर्षी कापाव्या. पण मुळीच न कापणं हा पर्याय नाही. सॅलिक्स आल्बा मोकळी सोडली तर २५ मीटरपर्यंत जाते, आणि इथल्या चिकणमातीत तिची मुळं पाणी ओढून घराचा पाया खचवतात. घरापासून आणि सांडपाण्याच्या नळांपासून ती लांबच हवी, कितीही छाटली तरी.

किडीत एकच सांगण्यासारखी. उन्हाळा सरताना काड्यांवर मोठाल्या करड्या माव्याचे थवे बसतात. प्रत्येकाच्या पाठीवर एक टोकदार उंचवटा, चिरडला तर बोटं लालभडक. यात नर आजवर कुणाला सापडलेला नाही, सगळा वंश माद्यांचा. फेब्रुवारीच्या सुमारास ते गायब होतात आणि उन्हाळ्यापर्यंत कुठे दडतात हे कीटकशास्त्रज्ञांनाही उलगडलेलं नाही. मी फवारणी करत नाही. त्यांच्या चिकट गोड पाण्यावर गांधीलमाश्या येतात, तेवढं जपायचं.

इथल्या मंडळातल्या एक काकू परवा विचारत होत्या, पुण्याला नेता येईल का गं एखादी काडी? नेऊ नका म्हटलं. सरकारी परवान्याशिवाय झाड असं नेता येत नाही, आणि नेलं तरी कडक थंडी आणि आडव्या उन्हाशिवाय हा रंग खुलायचा नाही. तिकडे ओढ्या-नद्यांच्या काठी आपली वाळुंज आहे, तीही विलोच. काड्या रंगीत नाहीत, पण बिबळ्या कडा फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर पोसतात.

इथल्या इथे मात्र मी काड्या खुशाल वाटते. पेन्सिलीएवढी जाड, फूटभर लांब काडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कापायची आणि दोन-तृतीयांश जमिनीत खुपसायची. औषध नको, काचघर नको. मुळांचे अंकुर सालीखाली आधीच तयार असतात. सोबत चिठ्ठी देते, त्यावर नाव नसतं. कुठल्या झुडपाची, नर की मादी, एवढंच. उरलेल्या काड्या वाटाण्याच्या वेलांना आधार म्हणून उपयोगी पडतात, पण आधी चांगल्या वाळवून घ्याव्या लागतात. घाई असेल तर उलट्या खुपसाव्यात म्हणतात. पण उलट्याही फुटतात कधीकधी.