आडवा गवा आणि दावणीचा बैल

आमच्या घरच्या खिलार बैलाचा एकच फोटो आहे. बेंदराच्या दिवशी काढलेला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि पुढे आम्ही घरचे सातजण असे दाटीने उभे की बैलाचे एक शिंग आणि अर्धा कान तेवढा दिसतो. बारा वर्षे तो बैल आमच्या रानात राबला आणि एका पावसाळ्यात गेला. वडील कधीमधी तो फोटो मागून घेतात, डोळ्याजवळ धरतात आणि म्हणतात, "ह्यात आपला बैल कुठाय रं?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. जनावराचा फोटो काढायला शिकायचे, तर सगळ्यांत मोठ्या जनावरापासून सुरुवात करावी, असे मनाने घेतले आणि गेल्या माघात मी राधानगरीची वाट धरली.

कोल्हापुरापासून राधानगरी सुमारे 50 किलोमीटर. निम्मी वाट भोगावतीच्या काठच्या उसातून जाते. परिते मागे पडले की हळूहळू डोंगर अंगावर येऊ लागतात. शाहू महाराजांनी आपल्या कन्या राधाबाई यांच्या नावाने वसवलेले हे गाव. त्यांनीच बांधायला घेतलेले धरण पुढे त्यांच्या माघारी पुरे झाले. त्याचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडले की खालच्या गावांचे कान टवकारतात, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

तिथून पुढे दाजीपूर. गव्यांसाठी 1958 साली राखलेले हे रान. 1985 मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झाले. आज ते सुमारे 351 चौरस किलोमीटर आहे, आणि 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याचेही नाव आहे.

लोक 'गवारेडा' म्हणतात, पण गवा रेड्याच्या कुळातला नव्हे. तो आपल्या गाई-बैलांचा रानातला भाऊबंद. ईशान्येकडे पाळतात तो मिथुन याच्याच घरचा. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. अंग काळेभोर, कपाळ राखाडी, आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे.

पहाटेच आम्ही जीपने आत शिरलो. सोबतीला वाटाड्या म्हणून तिथलेच एक पन्नाशीचे शेतकरी होते. त्यांना सगळे मामा म्हणत. सावराई सड्याच्या वाटेवर एका वळणाला जीप थांबली. साठेक पावलांवर एकटा नर उभा होता. आमच्याकडे बघत तो सावकाश वळला आणि पूर्ण आडवा झाला. पाठीचा उंच कणा, छाती, मांड्या, चारी पाय, सगळे एका नजरेत. मला वाटले, देवच पावला. जवळून घ्यावा म्हणून मी एक पाय खाली टाकला, तोच मामांनी दंड धरला.

"पावनं, गप बसा. त्यो फोटोला उभा न्हाई. आपलं अंग दावतोय."

"म्हणजे?"

"म्हंजे, बघ मी केवढा हाय, मागं सर, असं सांगतोय. ऐकलं न्हाई तर पुढचं बोलणं शिंगानं."

चालकाने जीप आवाज न करता मागे घेतली. गवा जरा वेळ तसाच राहिला, मग फुरफुरला आणि कारवीत शिरला. फोटो मिळाला तो दुरूनच.

परतताना मामांना विचारले, तुमच्या शेतात येतात का? ते हसले. "येत्यात की. गेल्या साली अर्धा एकर ऊस लोळवला. तवा बी मी गव्याचा फोटो काडाय गेलो न्हाई. सकाळी मोडल्याल्या उसाचा काडला, खुरांचा काडला, आन् पंचनाम्याला दिला." नुकसान सोसूनही जनावराला वाट देणारा हा माणूस. मला 9 डिसेंबर 2020 ची आठवण झाली. पुण्यात कोथरूडला चुकून आलेला गवा बघायला आणि टिपायला माणसे धावली. गर्दीने, धावपळीने तो बिथरला, आणि पकडल्यावर त्याच दिवशी मेला. त्याचे फोटो मात्र घरोघरी पोचले.

मुक्कामी येऊन फोटो पाहिला तर गवा म्हणजे नुसता काळा ढीग आणि खाली चार पांढरे पट्टे. त्यावरूनच पुढचे शिकलो, आणि ते घरच्या जनावराला लागू पडते म्हणून सांगतो.

काळ्या अंगावर दुपारचे ऊन नको. सकाळचे किंवा उतरतीचे ऊन आपल्या पाठीशी घ्यावे. मोबाईलच्या पडद्यावर जनावराच्या अंगावर बोट टेकवावे, म्हणजे अंग उजळून दिसते. काळी म्हैस पांढऱ्या भिंतीपुढे उभी करावी, पांढरा खोंड हिरव्या पिकापुढे. उभे राहून फोटो काढला तर पाय आखूड दिसतात. गुडघ्यावर बसून, पोटाच्या उंचीवरून काढावा. जमीन सपाट असावी, खूर गवतात बुडू नयेत. आठ-दहा पावले लांब राहावे. कुणीतरी समोरून पेंडीची पाटी वाजवली की कान पुढे होतात. विम्यासाठी कानातल्या बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा फोटो वेगळा घ्यावा.

आणि फोटो आडवाच घ्यावा. परदेशात मांसासाठी जनावरे पाळणारेसुद्धा वळू विकताना असाच फोटो छापतात, कारण पाठ, छाती, मांडी, पाय यांत काही लपत नाही. रानातला गवा ज्या पवित्र्याने 'मागे सर' म्हणतो, त्याच पवित्र्यात आपला बैल विश्वासाने उभा राहतो. फरक दावणीचा आणि हातातल्या पेंडीचा आहे. गव्याचा मान अंतरात आहे, बैलाचा मान आपण थोडे बाजूला होण्यात आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या खोंडाला ओट्यापुढे आडवा उभा केला. पोरे फोटोत यायला धावली, त्यांना म्हटले, आज नाही. वडिलांना पाटी वाजवायला सांगितली. फोटो धुऊन आणला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"व्हय," ते म्हणाले, "चारी पाय दिसत्यात."

मग जुना, बेंदराचा फोटो मागून घेतला आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवले.