पिवळ्या उतारांची किंमत

ऑक्टोबरात जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यात जाणाऱ्या प्रवाशाला निसर्गाचं कौतुक वाटणं साहजिकच आहे. ट्रियर ते कोब्लेंझ ही नदी वळणांमागून वळणं घेत जाते आणि तिच्या काठचे द्राक्षांचे उतार याच सुमाराला पिवळे पडू लागतात. रिस्लिंग ही इथली मुख्य जात उशिरा पिकणारी. त्यामुळे एका उतारावर पानं रंग बदलत असतात, तर शेजारच्या उतारावर तोडणी अजून चालू असते. हे पाहून निसर्गाला दाद देऊन आपण मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की या दृश्यात निसर्गाचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी आहे आणि दाद खरी कोणाची हे ओळखल्याशिवाय ते दृश्य पुरतं दिसतच नाही.

निसर्गाने इथे काय दिलं ते आधी पाहू. हा प्रदेश पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपासचा, म्हणजे द्राक्षाला जेमतेम परवडेल इतक्या उबेचा. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उताराला तिरपं ऊन जास्त मिळतं, काळी-निळी पाटीच्या दगडाची जमीन दिवसा तापून रात्री ती ऊब परत देते, नदीमुळे गारठ्याची धार कमी होते. ही अनुकूलता खरी. पण उतार निसर्गाच्या हाती सोपवला, तर तिथे द्राक्ष नव्हे, झाडोरा माजेल. ब्रेम गावाजवळच्या कालमोंटचा चढ काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. दगडी बांध माणसांनी रचले आणि पावसाने घसरलेली माती पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरून वर नेली. जुन्या पद्धतीच्या बागेत आजही प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो. अशा चढावर तोडणी हातानेच होते. ते हात बऱ्याचदा पोलंड-रुमानियातून हंगामापुरत्या आलेल्या मजुरांचे असतात. उतार माणसांच्या कष्टांवर टिकतात, याचा पुरावा शोधायला पानगळीसारखा दुसरा काळ नाही. पिवळ्या ओळींच्या मध्येच करड्या झुडपांचे चौकोन दिसतात. त्या पडीक टाकलेल्या बागा. कष्ट थांबले की हे सौंदर्य किती लवकर संपतं, ते तिथे उघड दिसतं.

याच उतारांकडे पाहण्याच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. चौथ्या शतकात रोमन कवी ऑसोनियसने या नदीवर दीर्घकाव्य लिहिलं आणि पाण्यात पडलेलं द्राक्षवेलींचं प्रतिबिंब वर्णिलं. पुढे ट्रियरमध्येच जन्मलेल्या कार्ल मार्क्सने जानेवारी १८४३ मध्ये आपल्या वृत्तपत्रात मोझेलच्या बागाइतदारांच्या हलाखीवर लेख लिहिले. प्रशियाच्या संरक्षित बाजारपेठेच्या भरवशावर या लोकांनी लागवड वाढवली होती. मग जर्मन राज्यांमधल्या जकाती उठल्या, दक्षिणेकडची वाइन आत आली आणि भाव कोसळले. लेख आले त्याच वर्षी सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडलं. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्याला जी कारणं झाली, त्यांत मोझेलच्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता, असं मार्क्सने पुढे नमूद केलं. कवीने प्रतिबिंब पाहिलं, संपादकाने भाव विचारला. दोघांसमोर उतार तेच होते.

यावर कोणी म्हणेल, की चार दिवस विश्रांतीसाठी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर हा हिशेब कशाला? पण निफाड-दिंडोरीच्या रस्त्याने जाताना मराठी माणूस बागांकडे नुसतं दृश्य म्हणून पाहत नाही. यंदा भाव काय, अवकाळीने किती नेलं, हे त्याच्या तोंडी आपसूक येतं. मोझेलला तोडणी चालू असते त्याच ऑक्टोबरात नाशिककडे छाटणीची धांदल असते आणि छाटणीनंतरचा पाऊस बागाइतदाराची झोप उडवतो, हे त्याला ठाऊक असतं. या माहितीने बागेची शोभा उणावत नाही. परदेशात गेल्यावर मात्र हीच नजर आपण घरी ठेवून जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सपाट जमिनीवर यंत्राने कमी खर्चात वाइन होत असताना, आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी कोणी ६५ अंशांच्या चढावर का राबावं? कष्टाचं हे कौतुक म्हणजे पाहुण्याची चैन नव्हे का? आक्षेप रास्त आहे. कोणी बाग सोडली तर त्याला दोष देण्याचा अधिकार प्रवाशाला नाही. पण याच आक्षेपातून प्रवाशाची जबाबदारीही निघते. फोटो फुकट काढता येतो. उतार फुकट टिकत नाही. इथले अनेक बागाइतदार आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. कायद्याने वर्षातले जास्तीत जास्त चार महिने घरच्या अंगणात आपलीच वाइन विकण्याची सोयही त्यांना आहे. तिथे उतरणं, चढावरच्या बाटलीला सपाटीवरच्या बाटलीपेक्षा जास्त दाम मोजणं, पीत नसल्यास द्राक्षाचा रस घेणं, ही दानधर्माची बाब नाही. जे पाहायला आपण आलो, त्याचा तो उत्पादनखर्च आहे. तो जड वाटत असेल तर घासाघीस न करता निघून जावं. पण मग पुढच्या पिढीला तिथे झुडपंच दिसली, तर निसर्ग कोपला असं म्हणू नये.