एक पिन ग्राउंडला

नामपल्ली स्टेशनातून बाहेर पडायचं, मोझमजाही मार्केट ओलांडायचं, जांबागेतून चालत राहायचं, की कोठी आलीच. तिथल्या गुजराती गल्लीत आमची पिढी इलेक्ट्रॉनिक्स शिकली. आमची पिढी म्हणजे नव्वदीच्या आगेमागे हैदराबादेत शिकणारी मराठी पोरं. कुणी सुलतान बाजारातली, कुणी नांदेड-परभणीहून येऊन खोली करून राहिलेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत 8085चं एकच किट आणि त्याभोवती दहा डोकी. ज्याला खरंच काही करून बघायचं असे, तो गल्लीत जाई.

नवी चिप परवडत नसे, म्हणून जुनी बोर्डं. मोडके कीबोर्ड, निकामी इंटरकॉम, प्रिंटरची आतडी, सगळं पोत्यांतून येई आणि वजनावर, नाहीतर नुसत्या नजरेवर विकलं जाई. इंटेलने 1980 साली आणलेल्या 8051च्या कुळातल्या चिपा त्यांत सापडत. अडचण अशी की पुष्कळ चिपांच्या पोटात कारखान्यानेच कुणाचा तरी प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असे. पण चाळीस पायांच्या त्या चिपेची 31वी पिन ग्राउंडला जोडली, की ती आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या मेमरीतला वाचू लागे. एवढीशी तार, आणि परक्याची चिप आपली होई. कुठल्याशा कंपनीच्या इंटरकॉमसाठी जन्मलेली चिप आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते सांगू लागे. आत रॅम फक्त 128 बाइट. त्यातला बाइट न् बाइट आम्हाला पाठ असे.

आज भंगारात स्मार्ट प्लग येतात, स्मार्ट बल्ब येतात. त्यांतल्या अनेकांत ईएसपी8266 असते, 2014च्या सुमारास बाजारात आलेली 80 मेगाहर्ट्झची 32-बिट चिप, वायफायसकट. ती आली तेव्हा दुसऱ्या यंत्राला वायफाय पुरवणारा जोडभाग एवढीच तिची ओळख होती. हिच्यातच आपला प्रोग्रॅम चालतो, हे कळल्यावर हौशी मंडळी तिच्यावर तुटून पडली. प्लग उघडायचा, बोर्ड 230 व्होल्टपासून पूर्ण तोडायचं (यात हयगय नको, जिवाशी गाठ आहे), 3.3 व्होल्ट द्यायचे आणि वीज सुरू होताना जीपीआयओ-शून्य नावाची पिन ग्राउंडला धरायची. चिप नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार! तेव्हा 31वी पिन, आता ही. पस्तीस वर्षांनी बोटांना तीच हालचाल करावी लागते, याचा मला मनापासून आनंद होतो. सिरियल तारेवर हिचे पहिले शब्द वाचायचे तर वेग 74880 ठेवावा लागतो. नेहमीच्या 115200वर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. असं काही कळलं की जुना थरार परत येतो.

आमच्या त्या जुन्या चिपांची बाहेरची मेमरी म्हणजे ईप्रॉम. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी, आणि खिडकीतून दिसणारा सिलिकॉनचा चकचकीत चौकोन. प्रोग्रॅम पुसायचा तर अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. दिवा ज्याच्याकडे, त्याच्या खोलीवर सगळे जमत. दिवाच नसेल तर रणरणत्या उन्हात आठवडाभर. पुसली, नवा प्रोग्रॅम भरला, की खिडकीवर काळी पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर बारीक अक्षरात तारीख घालायची. वाट पाहण्याच्या त्या वेळात कागदावरचा प्रोग्रॅम एकेक ओळ मोठ्याने वाचला जाई आणि निम्म्या चुका तिथेच सापडत.

आज चूक दुरुस्त करून प्रोग्रॅम परत चढवायला काही सेकंद पुरतात, आणि हे निःसंशय बरं आहे. त्या पंधरा मिनिटांनी कितीजणांचा उत्साह मारला, ते मी पाहिलंय. स्टोव्हवर बोर्ड तापवून, आपटून चिपा पाडताना निघणारा शिशाचा, जळक्या लाखेचा धूर आम्ही बंद खोलीत घेत होतो. त्याची आठवण गोड करून सांगणं खोटेपणाचं होईल. तरीही मोठ्याने वाचण्याची ती सवय गेली, याचं वाईट वाटतं.

गल्लीत काउंटरवरून पहिला प्रश्न यायचा, ‘क्या होना?’ काय हवं ते नीट सांगता यावं लागे, आणि सांगताना आपल्यालाच कळे की आपल्याला ते कळलेलं नाही. भाई कधी म्हणत, ‘वो परभनीवाला बी यइच बना रा, उससे मिलो.’ अशा ओळखींतून आयुष्यभराचे मित्र झाले. पण हेच काउंटर कितीतरी जणांसाठी बंद होतं. मुली त्या गर्दीत क्वचितच दिसत. ज्याला माहीत असे तो सांगत नसे, आणि खरवडून नवा नंबर छापलेली चिप माथी मारली गेली तर दाद मागायची सोय नसे.

आता मध्यरात्री शंका आली तरी उत्तर हातातल्या फोनवर असतं. बिटकॉइनच्या खाणयंत्रांतून निघालेलं ईबाझ4205 नावाचं बोर्ड घ्या; त्यावर झिंक 7010, म्हणजे दोन एआरएम गाभे आणि शेजारी एफपीजीए, शिवाय 256 एमबी रॅम. कधीही न भेटलेल्या माणसांनी त्याची पिन न् पिन शोधून मांडून ठेवली आहे, फुकट. आमच्या काळात असं औदार्य कुणी पाहिलं नव्हतं. खंत एवढीच, की उत्तर देणारा त्या माणसांतला कुणी दुसऱ्या दिवशी ‘चाललं का रे?’ म्हणून विचारत नाही.

आणि आता दारं बंद होऊ लागली आहेत. ईएसपी32सारख्या चिपेत ई-फ्यूज असतात. उत्पादकाने सिक्युअर बूटसाठी ते जाळले, की त्याच्या सहीशिवायचा प्रोग्रॅम ती चिप पुन्हा कधीच चालवत नाही. कुठलीही पिन ग्राउंडला धरा. घरातल्या कॅमेऱ्याला, दाराच्या कुलपाला हे हवंच, मला मान्य आहे. पण कंपनीने सर्व्हर बंद केल्यावरही हे कुलूप तसंच राहतं आणि धडधाकट चिप कचरा ठरते. अशा बोर्डाचं गल्लीत विचारलं तर आता तांब्याचा भाव सांगतात.